एकशे बारा वस्तू आणि एक तुकडा

८ जून

वहिनी,

अक्षर ओळखलं असशील, तरी सांगते. मी वन्सं. पत्ता भाचीनं दिला. "आत्या, मी दिला म्हणून आईला सांगू नकोस," असं ती म्हणाली होती, पण तुझा पत्ता मला दुसऱ्या कुणाकडून मिळणार? तेव्हा ताकास तूर लागू न देण्यात अर्थ नाही. तिला रागावू नकोस.

कारण कामाचं आहे. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जमवलेली चीजवस्तू आईच्या पलंगाखालच्या दोन पत्र्याच्या पेट्यांत पडून होती, ती मी पुढच्या खोलीत मांडली आहे. मोजल्या तर एकशे बारा वस्तू भरल्या. मोहिमांचे कापडी बिल्लेच चौतीस. पंचवीस वर्षं झाल्याबद्दल मिळालेलं पितळी रॉकेट आहे, त्याचा एक पंख आईनं अडकित्त्यासारखा वापरून वाकवला होता, तो तसाच ठेवलाय. अंतराळवीर शिवणखाना बघायला आला होता तेव्हा त्यानं सही केलेला माझा ॲप्रन आहे. नळीतलं जेवण आहे, गाजराचं काहीतरी, मुदत संपून एकवीस वर्षं झाली. आणि परत आलेल्या छत्रीचा एक मोठा पट्टा, केशरी-पांढरा, गवताच्या डागांसकट. तो पूर्ण भिंतभर होतो.

कपाटं कोपऱ्यावरच्या सुतारानं केली. दाराशी मी पुठ्ठा लावला होता, "अंतराळयान जमिनीवर उतरवणाऱ्या छत्र्या शिवणाऱ्या खात्यातल्या वस्तू". सुतार म्हणाला, "ताई, छत्र्या म्हटलं की लोक दुरुस्तीला आणून देतील." म्हणून खाली पॅराशूट असं लिहिलं. तरी एक बाई मोडकी छत्री घेऊन आल्याच.

खिडकी पश्चिमेला आहे. दुपारनंतर ऊन आलं की केशरी रंग उडतो, म्हणून काळा पडदा लावलाय आणि आत ट्यूब. माझी खाट स्वयंपाकघरात गेली आहे. चालतं.

आता विचारायचं ते. लांब टेबलापाशी अकरा जणी बसलेला आपला एक फोटो आहे, सगळ्यांच्या मांडीवर केशरी कापड. तू डावीकडून तिसरी, डोळे मिटून हसतेयस. तो लावू का? तुझी हरकत असेल तर लावणार नाही.

तुझी,
वन्सं


२ जुलै

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. "फोटो लावा किंवा लावू नका. मला विचारू नका." आठ शब्द. मी फोटो लावला.

लोक येतात. आधी इमारतीतले आले, मग त्यांचे पाहुणे. गुरुवारी मुकादमबाई आणि शिवणखान्यातल्या आणखी दोघी येऊन बसतात, प्रत्येक बिल्ल्यामागची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात आणि दर वेळी ती थोडी वेगळी असते. वरच्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाई मागच्या आठवड्यात सव्वीस मुलं घेऊन आल्या. मुलांना एकच जाणून घ्यायचं होतं, अंतराळात शू कुठे करतात. मी सांगितलं. मग सगळ्यांना नळीतलं जेवण चाखायचं होतं. ते मी दिलं नाही.

एक दोन वेण्यांची मुलगी मागे राहिली. म्हणाली, "छत्री उघडलीच नाही तर?"

"तीन छत्र्या असतात. एक फाटली तरी दोन पुरतात, जरा जोरात आपटतं एवढंच."

"मग एखादी फाटली होती का कधी?"

मी म्हटलं, "चला, आता पितळी रॉकेट बघू."

चार वर्षांपूर्वी दादा गेल्याचं मला महिन्यानं कळलं होतं. त्याबद्दल या पत्रात लिहीत नाही. फोटोतल्या अकरा जणींत आता सात राहिलो आहोत.

वन्सं


१९ ऑगस्ट

वहिनी,

उत्तर आलं नाही तरी लिहिते आहे, कारण एक जण येऊन गेला आणि ते तुला कळायला हवं.

साहेब आले होते. आपले मोठे साहेब, चौकशी त्यांच्याकडे होती ते. आता काठी घेऊन चालतात, पण बूट अजून आरशासारखे. आपल्या अंतराळ केंद्रात नवीन दालन होतंय, जुन्या कामगारांच्या वस्तूंसाठी. वर्तमानपत्रात माझ्या खोलीबद्दल चार ओळी आल्या होत्या, त्या वाचून आले. दोन तास होते. प्रत्येक चिठ्ठी वाचली, दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं. म्हणाले, "हे सगळं आम्हाला द्या. काचेच्या कपाटात, तुमच्या नावानिशी. तुमचं नाव दारावर."

मला आनंद झाला. उगाच खोटं कशाला सांगू?

मग त्यांनी खालचा खण ओढला. तिथे मी काही मांडलं नव्हतं, फक्त एक तुकडा ठेवला होता. वीतभर पट्टी, एका बाजूनं उसवलेली. तो भंगारात जायचा होता. मी तो कधी आणला ते मला नीट आठवतं, पण ते जाऊ दे. तुकड्याला अजून चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर नंबर होता. सतरा.

साहेबांनी तो चिमटीत धरला. "हा इथे कसा?" मग तेच म्हणाले, "हा नको. बाकी सगळं पाठवा, हा जाळून टाका. हा डाग आहे." आणि मग जरा थांबून, "ती सतरा नंबरची बाई, बिचारी. काम तसं बरं होतं म्हणे तिचं. एखाद्या दिवशी होतं दुर्लक्ष."

मी म्हटलं, "आणखी चहा?"

हे तुला सांगायलाच पत्र लिहिलं. एवढंच झालं. ते चहा घेऊन गेले.

वन्सं


३ सप्टेंबर

वहिनी,

मागच्या पत्रात "एवढंच झालं" असं लिहिलं होतं. तसं नाही. आता सुरुवातीपासून लिहिते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण मला माहीत आहे हे तुला माहीत आहे की नाही, ते मला माहीत नाही.

भाची आठ वर्षांची होती. शाळेतून फोन आला, ताप चढलाय. तू चार वाजता निघालीस. तुझ्या टेबलावर एक पट्टी अर्धी राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माल जायचा होता. मी म्हटलं, "जा तू, मी उरकते." पट्टीच्या टोकांना हातानं गाठी घालायच्या, प्रत्येक गाठीला दोऱ्याचे तीन वेढे, हा नियम. मी दोन घेतले. बावीस गाठी, बावीसच्या बावीस दोन वेढ्यांच्या. मला कंटाळा आला होता आणि बोटं दुखत होती. यापेक्षा मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

चिठ्ठीवर तुझा नंबर आधीच घातलेला होता. तो खोडून माझा नऊ घातला असता तर पट्टी पुन्हा तपासणीला गेली असती आणि सकाळी बोलणी बसली असती. मी खोडला नाही.

तीन आठवड्यांनी चाचणी झाली. यानात माणूस नव्हता, वाळूच्या पिशव्या होत्या, हे आपलं नशीब. एका छत्रीची पट्टी उसवली, यान कलंडून आपटलं, आतली यंत्रं गेली.

चौकशीच्या खोलीत साहेबांनी ती पट्टी टेबलावर ठेवली आणि सतरा नंबरला बोलावलं. मी तुझ्या मागच्या खुर्चीवर होते. तू वाकून पाहिलंस. न उसवलेल्या गाठी अजून तशाच होत्या, आणि तू मला कायम म्हणायचीस, "वन्सं, दोन वेढ्यांवर भागवता, एक दिवस अंगाशी येईल." त्या खोलीत त्या गाठी वाचता येणारी तू एकटीच होतीस. साहेबांनी विचारलं, "ही शिवण तुमची?"

तू म्हणालीस, "चिठ्ठीवर नंबर माझा आहे."

मी तू वळून पाहण्याची वाट पाहत होते. तू वळली असतीस तर मी बोलले असते, असं एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आले. आता लिहिताना वाटतं, नसते बोलले.

तुझी नोकरी गेली. पुढच्या वर्षी मी तपासनीस झाले.

काल मी तो तुकडा खणातून काढला आणि मधल्या कपाटात ठेवला, फोटोखाली. जाड पुठ्ठ्यावर चिठ्ठी लिहिली. "ही शिवण नऊ नंबरनं घातली, नियम मोडून. चिठ्ठीवर नंबर सतराचा राहू दिला. शिक्षा सतराला झाली. नऊ नंबर म्हणजे मी." खाली सही केली. हाच मजकूर केंद्राच्या कार्यालयालाही पाठवला, टपालाची पावती आहे.

पहिला वाचणारा सुतार. बिजागरी बसवायला आला होता. वाचून म्हणाला, "ताई, हे खरंय?" मी हो म्हटलं. त्यानं बिजागरी बसवली आणि गेला. एरवी तो तासभर बोलतो.

वन्सं


१६ ऑक्टोबर

वहिनी,

तू रविवारी आलीस तेव्हा मी फारशी बोलले नाही. दार उघडलं आणि तू समोर, हे मला अपेक्षित नव्हतं. केस सगळे पांढरे झालेत तुझे. ते बोलायचं नव्हतं, पण तेवढंच तोंडातून निघालं. तू म्हणालीस, "तुमचे काय काळे राहिलेत?"

म्हणून जे तेव्हा सांगायला हवं होतं ते आता सांगते.

कार्यालयाचं उत्तर आलं. "आपले पत्र नोंदवून घेण्यात आले आहे." साहेब पुन्हा आले, चष्मा बदलून चिठ्ठी दोनदा वाचली. या वेळी शुद्धलेखन सुधारलं नाही. म्हणाले, "तुम्ही मला फसवलंत."

"हो."

"मग माझ्या अहवालाचं काय?"

"तो चुकला आहे."

चहा न घेता गेले. आठवड्यानं दालनवाल्यांचं पत्र आलं, जागेअभावी तूर्त घेता येत नाही. मी त्यांना कळवलं होतं की घ्यायचं तर एकशे तेरा वस्तू घ्या, नाहीतर एकही नको. त्यांनी सोपं ते निवडलं. मुकादमबाई गुरुवारी येत नाहीत. त्यांचा निरोप आला की काम त्यांच्या नजरेखालून गेलं होतं, म्हातारपणी मी त्यांच्या तोंडाला काळं फासलं. त्यांचंही चूक नाही. शाळेतल्या बाई मात्र येतात. त्यांनी विचारलं, "मुलांना काय सांगू?" मी म्हटलं, "लिहिलंय ते वाचू दे."

तू कपाटासमोर उभी होतीस तेव्हा मी स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत होते, हे तुला कळलं असेल. तुझ्या तोंडावर काय असेल याची भीती होती. तू आत आलीस, माझ्या खाटेवर बसलीस आणि म्हणालीस, "दोघींपैकी एकीची नोकरी तरी राहावी म्हणून मी गप्प बसले. ह्यांचा छापखाना बंद पडलेला, सासूबाई अंथरुणावर. मला वाटलं, बाहेर नाही तरी घरात तुम्ही ह्यांना सांगाल. सहा आठवडे वाट पाहिली."

मी म्हटलं, "मी सांगणारच होते."

"नव्हतात."

त्यानंतर दादानं तुम्हा दोघींना घेऊन आपलं घर सोडलं ते माझ्यावरच्या रागानं, असं मी धरून चालले होते. तू सांगितलंस की तो माझ्यासमोर यायला लाजत होता. बायकोमुळे बहिणीची कारखान्यात मान खाली गेली, असं त्याला वाटायचं. म्हणून पत्र नाही, फोन नाही. आणि पुढचं तू इतक्या सपाट आवाजात सांगितलंस की मला आधी कळलंच नाही. "घरात काही तुटलं, सांडलं, दूध उतू गेलं, की हे म्हणायचे, सतरा नंबर! आधी रागानं म्हणायचे. मग सवयीनं. शेवटी शेवटी तर लाडानं. मला ते लाडाचंच जास्त लागायचं."

पंधरा वर्षं. मला ते एका कार्डानं थांबवता आलं असतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तू हात वर केलास. "भिंतीवर लिहिणं सोपं आहे, वन्सं. येणारा-जाणारा वाचतो, तुम्ही किती खऱ्या म्हणतो, आणि आपल्या घरी जातो. माझ्या घरी या. पोरीसमोर बसा आणि तोंडानं सांगा. तिच्या बापानं जे नाव ठेवलं होतं, त्यावर ती लहानपणापासून हसत आली आहे."

मी येते म्हटलं. कधी ते म्हटलं नाही. म्हणून लिहिते, ९ नोव्हेंबरला, सकाळच्या गाडीनं. त्या दिवशी जमत नसेल तर कळव. नाही कळवलंस तर येईन.

वन्सं


१२ नोव्हेंबर

वहिनी,

भाची म्हणाली होती, "आत्या, आज इथे काय झालं तेही लिहून दे, तारखेसकट. नंतर तुम्ही दोघी आपापलं वेगळं सांगाल." म्हणून हे पत्र तुझ्या नावानं पण तिच्यासाठी. तिला वाचायला दे.

९ नोव्हेंबर. मी साडेअकराला पोचले. तुमच्या जिन्याला कठडा नाही, जावयानं खाली येऊन पिशवी घेतली. बैठकीच्या खोलीत भाची, जावई, तू आणि मी. दादाचा फोटो टीव्हीच्या वर. त्यात तो चष्म्याशिवाय आहे, म्हणून मला पटकन ओळखू आला नाही.

मी पाठ करून आले होते, सगळं विसरले. शेवटी म्हटलं, "तुझ्या आईनं ती चूक केली नव्हती. मी केली होती. तुला ताप होता म्हणून ती घरी आली आणि तिचं काम मी वाईट केलं. मग तिला दोष लागला आणि मी बोलले नाही. तुझ्या बाबांनाही सांगितलं नाही."

भाची आधी हसली. मग तुझ्याकडे बघून तिनं विचारलं, "आई, तुला हे माहीत होतं?"

तू म्हणालीस, "गाठी पाहिल्या तेव्हाच कळलं."

"आणि तू बाबांना नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, माझ्या बहिणीवर ढकलतेस. ते हिनंच सांगायला हवं होतं."

"हिनं" म्हणालीस. "ह्यांनी" नाही. मी नोंद केली.

मग भाची मला म्हणाली, "आत्या, मीपण म्हणायचे गं. बाबांबरोबर. आईच्या हातून पोळी करपली की आम्ही दोघं टाळ्या वाजवून म्हणायचो. सतरा नंबर, सतरा नंबर." ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लोटून घेतलं. जावई उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला, आणि मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले.

तू तिच्यामागे गेली नाहीस. म्हणालीस, "राहू दे तिला." आपण तिघं बसून होतो. खालच्या घरात कुणीतरी खिळा ठोकत होतं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. माझ्याशी बोलली नाही. तुझ्यापाशी खाली फरशीवर बसली, तुझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आता बाबांना कोण सांगणार?"

मग तिनं डोकं न उचलता मला हे लिहून द्यायला सांगितलं. तेवढंच मला उद्देशून.

जेवायला थांब असं कुणी म्हटलं नाही, तेही बरोबरच होतं. मी निघाले. जावई स्टॉपपर्यंत येत होता, तर तू म्हणालीस, "तू थांब तिच्याजवळ, मी जाते." चपला घालायला तुला वेळ लागला, डाव्या पायाची टाच सुजलेली दिसली. रस्त्यानं तू पुढे आणि मी दोन पावलं मागे. औषधांच्या दुकानापाशी वळताना तू म्हणालीस, "तिला वेळ लागेल. मलाही लागेल. कधी लागायचा थांबेल ते विचारू नका." मी म्हटलं, विचारणार नाही.

स्टॉपला बाक नव्हता. सव्वाची बस पावणेदोनला आली नाही, दोनलाही आली नाही. तू एकदा पदरानं कपाळ पुसलंस. एकदा रस्त्याच्या टोकाकडे पाहून म्हणालीस, "ही कधीच वेळेवर येत नाही."

बस दोन वाजून पाच मिनिटांनी आली. तोवर तू तिथे उभी होतीस. मी तुला घरी जा म्हटलं नाही.

वन्सं